इंग्रजी अक्षरांचीं नांवें आणि त्यांचे नाद

मराठी घरांतील मूल ‘क’ शिकतें, तेव्हां अक्षराचें नांव आणि त्याचा उच्चार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्याच्या गांवींही नसतें. ‘क’चें नांव ‘क’, आणि ‘कमळ’ शब्दांत ऐकूं येतो तोही ‘क’च. इंग्रजीचा पहिलाच धडा हा विश्वास मोडतो. मूल ‘सी, ए, टी’ अशीं तीन नांवें म्हणतें, आणि शिक्षक सांगतात, ‘कॅट’! या नांवांत ‘क्’ कोठेंच नाहीं. मूल चौकस असेल तर अडखळतें. आज्ञाधारक असेल तर पाठ करून मोकळें होतें. बहुतेक मुलें आज्ञाधारकच निघतात, आणि न शिकविलेला शब्द पुढें आला कीं गप्प बसतात.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलींतच आलें. पूर्वी दहाव्या वर्षाच्या सुमारास पडणारें हें कोडें आतां सहाव्या वर्षीं, मराठी वाचनही कच्चें असतांना, पडतें.

उपाय मराठीच्याच पदरीं आहे. पाय मोडलेलें अक्षर मराठी माणसाला ठाऊक असतें. ‘बी’चा नाद ‘ब’ नव्हे, ‘ब्’, ‘टी’चा ‘ट्’. ब्, ॲ, ट् हे नाद आधीं सावकाश, मग जलद म्हटले कीं ‘बॅट’ मुलाच्या तोंडीं आपोआप येते. शिक्षकानें ‘ब’ आणि ‘ट’ पूर्ण उच्चारले, तर जोडणी तेथेंच फसते. त्याहीपूर्वीं कान तयार व्हावा. ‘साखर’, ‘सून’, ‘सकाळ’ यांच्या आरंभीं कोणता नाद आहे, हा खेळ जेवतांनाही खेळतां येतो. त्याला पाटी लागत नाहीं.

अक्षरेंही ‘ए’पासून ओळीनें घेण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतील अनेक शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहांनीं आरंभ करितात. तेवढ्यांत ‘टॅप’, ‘पिन’, ‘सिट’ असे कितीतरी शब्द वाचतां येतात. आरशांतल्या जोडीसारखे दिसणारे लहान ‘बी’ व ‘डी’ मात्र एकाच आठवड्यांत शिकवूं नयेत.

अक्षरें २६ आणि नाद सुमारें ४४, तेव्हां एका अक्षराला दोन नाद येणारच. मराठी मुलाला हेंही अगदीं परकें नाहीं. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ तें रोज निराळा उच्चारतें. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांना ‘व’ म्हणण्याची खोड मात्र आरसा देऊन घालवावी: पहिल्यांत वरचे दांत खालच्या ओंठाला लागतात, दुसऱ्यांत ओंठ गोल होतात.

इंग्रजी ओळीवर देवनागरी उच्चार लिहून देण्याची चाल सोयीची खरी, पण मग मूल वरचीच ओळ वाचतें. इंग्लंडांत २०१२ पासून होणाऱ्या नाद-चांचणींत ४० शब्दांपैकीं २० निरर्थक असतात, कारण पाठांतर तेथें उपयोगी पडत नाहीं. घरींही ‘नॅप’सारखा अनोळखी शब्द खडूनें लिहून द्यावा, आणि मूल अक्षरांवर बोट फिरवीत असतां वडील माणसांनीं तोंड मिटून थांबावें.