चाकावरचं घर सपाट उभं करताना

आपल्या राज्यात २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत बिछाना, शेगडी, मोरी, सगळं. आमच्या बचत गटानं डोंगरपायथ्याच्या पडीक वावरात अशा गाड्यांसाठी जागा केली. झाडलोट केली, नळ घेतला, जेवणाचे दर ठरवले. जमिनीच्या उताराचा मात्र विचार केला नाही.

पहिलंच कुटुंब आलं. गाडी कललेली दिसली, म्हणून आम्ही चाकाखाली बांधावरचा दगड सरकवला. रात्री दगड निसटला, गाडीला हिसका बसला आणि शेगडीवरचं उकळतं दूध सांडलं. लेकरू दोन हात लांब होतं म्हणून वाचलं. चूक आमचीच होती.

मग गावातल्या गवंडीदादांकडून आम्ही पाणसळ वापरायला शिकलो. गाडीत आडवी एक मीटरची सरळ पट्टी ठेवायची, तिच्यावर पाणसळ. बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीचं खालचं टोक उचलायचं आणि खालची फट मोजायची. फट तीन सेंटीमीटर भरली आणि डाव्या-उजव्या चाकांत दोन मीटर अंतर असेल, तर खालच्या बाजूची चाकं सहा सेंटीमीटर उचलायची.

त्यासाठी दगडविटा नकोत. चाकापेक्षा रुंद, जाड फळ्या ठेवायच्या. माणसं खाली उतरवायची, गाडीच्या पुढेमागे कुणी थांबायचं नाही. चालकानं सावकाश गाडी फळीवर घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची. मग उताराच्या बाजूनं चाकांना लाकडी पाचरी घट्ट लावायच्या.

कारला जोडून ओढत आणलेली कॅरॅव्हॅन असेल, तर आधी डावी-उजवी बाजू सारखी करायची. ब्रेक आणि पाचरी लावल्यावरच कारपासून सोडवायची. पुढचं-मागचं नंतर, पुढच्या छोट्या चाकानं. कोपऱ्यांचे पाय शेवटी टेकवायचे. ते गाडी स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाही.

गाडी सपाट असली की मोरीचं पाणी नीट निघतं, झोपताना डोकं खाली जात नाही. काही गाड्यांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो, तोही कललेल्या गाडीत नीट गार होत नाही.

आता आम्ही श्रमदानानं दोन जागा सपाट करून मुरूम ठोकलाय. तुमचा गट असं काही करणार असेल, तर दरफलक लावण्याआधी जमिनीवर पाणसळ लावा.