माळरान कोणाचे?

(नाशिक येथे केलेले भाषण)



१३ ऑक्टोबर १९३५ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यातील येवला येथे धर्मांतराची घोषणा केली. त्याच येवला तालुक्यात ममदापूरचे माळरान आहे. २०१४ साली शासनाने ते काळविटांसाठी राखीव केले. काळविटाला हक्काचा निवारा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु माळरानावर जगणाऱ्या माणसाच्या हक्काची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

ही माणसे दोन प्रकारची आहेत. एक धनगर मेंढपाळ. तो चाऱ्यासाठी कळप घेऊन मुलखोमुलूख फिरतो आणि शेतात मेंढरे बसवून खत देतो. दुसरा भूमिहीन दलित. तो गायरानाचा तुकडा कसून पोट भरतो. सरकारी भाषेत पहिल्याचे कुरण ‘पडीक’ आणि दुसऱ्याचे शेत ‘अतिक्रमण’ ठरते.

भूमिहीनांसाठी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह चालविला. लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. मेंढपाळाचा वनजमिनीवरील चराईचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. परंतु जो अनुसूचित जमातीचा नाही, त्याने तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा, अशी अट घातली. जन्मभर फिरणाऱ्याने वास्तव्याचा कागद आणावा कोठून?

अशा स्थितीत एकाच माळावर कसणारा आणि चारणारा एकमेकांचे वैरी होतात. गावच्या बड्या जमीनदारांना हे भांडण सोयीचेच असते. आपण मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात कलह पेटला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि देशत्याग पत्करला. पाण्यासाठी शेजाऱ्याचे रक्त सांडू नये असे ज्याने सांगितले, त्याचे अनुयायी गवतासाठी शेजाऱ्याशी वैर कसे धरतील?

म्हणून आपली मागणी एकट्याची नसावी. गायरानाची मोजणी दोघांच्या समक्ष व्हावी. कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढावे आणि मेंढरांची वाट व कुरणही त्याच दप्तरात नोंदले जावे. स्वतःचा हक्क मागताना दुसऱ्याचा हक्क तुडवायचा नाही, हीच धम्मदीक्षेची खरी कसोटी आहे.

जय भीम!