छत्तीस तासांनंतरची परीक्षा

मराठीच्या प्राध्यापकाला हॅकेथॉनचे परीक्षक कशाला करतात, असे आपल्याला वाटेल. पण मुले शब्दकोश, शुद्धलेखन-तपासणी असे प्रकल्प मांडू लागली की आमच्यासारख्यांना बोलावणे येते. २०१७ साली ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू झाले, आणि सलग ३६ तास बसून सॉफ्टवेअर उभे करण्याची रीत आपल्या महाविद्यालयांत चांगलीच रुजली.

परीक्षकाला एका गटामागे मिळतात पाच-सात मिनिटे. पडदा झळकतो, बटणे हलतात आणि गुण त्या झळाळीलाच जाण्याचा धोका असतो. म्हणून मी शोधाच्या चौकटीत ‘दऱ्या’ हा शब्द लिहायला सांगतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. कित्येक प्रकल्प इथेच अडखळतात. कारण यांत्रिक आहे. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण ठेवून. डोळ्यांना अक्षर एकच, यंत्राला दोन!

मग विचारतो, हे दुरुस्त करायला किती वेळ लागेल? माझ्या लेखी खरा वेग इथे कळतो. दोन्ही रूपे एक करण्याचे काम ज्यांनी एकाच जागी ठेवले, ते चहा होईपर्यंत दुरुस्ती करून आणतात. तोच तुकडा ठिकठिकाणी चिकटवणारे शोधतच बसतात. पहिल्या रात्री मात्र हेच पुढे असतात, हे मान्य केले पाहिजे.

आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात लिहिले, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसे वाढवली की ते आणखी रखडते. नव्या माणसाला जुने समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात. कोशाच्या कचेरीत बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आयोजकांना माझी सूचना असते, की थोडे गुण महिन्याभराने द्या. एका गटाचा प्रकल्प दुसऱ्या गटाच्या हाती सोपवा आणि अर्ध्या दिवसात एक सोय वाढवायला सांगा. आयोजकांना ती फारशी रुचत नाही. बक्षीस-समारंभ त्याच संध्याकाळी असतो.

आपल्याला मात्र एक काम आजच करता येईल. आचार्यांना-आचाऱ्यांना अशा अडचणीच्या शब्दांची यादी करू या. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे, प्रत्येकाने आपापल्या बोलीतले शब्द घालावेत. आणि ती यादी मुलांच्या हाती स्पर्धेच्या आधी पडावी.