टूल भारी, पण वापरतंय कोण?

मी साताऱ्याचा, इंजिनिअरिंग सांगलीत, वालचंदला. टीम लीड झाल्यावर डिप्लॉयमेंटचं टूल बनवलं. तीन महिने खपलो, पण पोरं जुनीच स्क्रिप्ट चालवायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही शेतकरी आधी घेत नव्हते, लोखंडानं जमीन नासते म्हणून. पुढं १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला वाटायचं, आपलंही तसंच. त्या तोऱ्यात एका ज्युनिअर मुलीला मीटिंगमध्ये झापलं.

मग एका रात्री सर्व्हर पडला, तेव्हा तिच्याशेजारी बसून नुसतं बघितलं. स्क्रिप्ट एरर दाखवायची. माझं टूल फक्त 'फेल्ड' म्हणायचं. काय डोंबल वापरणार ती?

सकाळी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. एरर दाखवायचा कोड तिनंच लिहिला.