शिकणाऱ्या पोरी आणि मनाचं दुखणं

रोवणी आटोपली, कंबर थोडी सरळ झाली असेल, म्हणून आज जरा निवांत बोलू.

गटाच्या बैठकीची वही आम्ही दर महिन्याला तपासतो. त्यात काही नावांपुढे लागोपाठ तीन-चार बैठका गैरहजेरी असते आणि कारण एकाच शब्दात लिहिलेलं असतं: तब्येत. घरी जाऊन विचारलं तर बाई सांगते, "डोकं जड राहते. जीव घाबरते. हातपाय गळून जाते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही." दवाखान्यात जाऊन सलाईन लावून येते, चार दिवस बरं वाटते, मग पुन्हा तेच. रक्त तपासलं तर काही निघत नाही. मग घरचे म्हणतात नाटक करते, शेजारी म्हणतात बाहेरचं आहे. 'डिप्रेशन' हा शब्द कोणाच्याच तोंडी येत नाही. मराठीत त्याला नैराश्य म्हणतात, पण तोही पुस्तकातलाच शब्द झाला. आपल्याकडे हे दुखणं डोकेदुखी आणि कमजोरीचं नाव घेऊन येते.

आता उपचाराचं बघा. देवरी-सालेकशाकडच्या टोलीवरून गोंदियाला यायचं म्हणजे दिवस गेला, मजुरी गेली, आणि सोबत कोणीतरी लागते. आपल्या कुडव्याला तर गोंदिया हाताशी आहे. ऑटोत बसलं की पोचलो. सरकारी मेडिकल कॉलेजही 2016 पासून तिथं आहे. तरी आपल्यातल्या किती जणी मनाच्या डॉक्टरकडे गेल्या? बोटावर मोजण्याइतक्या. म्हणजे अडचण फक्त किलोमीटरची नाही. शरमेची आहे, आणि आपलं दुखणं हे दुखणंच आहे असं सांगणारं जवळ कोणी नाही, याची आहे. शहरातल्या शिकलेल्या बाईला ते सांगणारं कोणी भेटते. धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाईला भेटत नाही.

असं सांगणारं माणूस गावातच तयार करता येते, आणि त्याला डॉक्टर असावं लागत नाही. हे आम्ही मनानं बोलत नाही, करून पाहिलेलं काम आहे. गोव्यात 'संगत' नावाची संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी तिथल्याच पदवीधर बायका निवडल्या, ज्यांना दवाखान्याच्या कामाचा काहीही अनुभव नव्हता. दोन महिने शिकवलं आणि आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून बसवलं. 2010 साली त्याचा निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत जिथं अशी बाई होती, तिथं सहा महिन्यांनी 100 पैकी जवळपास 66 रुग्ण बरे झालेले होते. जिथं नव्हती तिथं 42-43. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. आमच्या मते यातली महत्त्वाची गोष्ट हीच, की सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या गरीब माणसाला याचा फायदा झाला.

गोव्यापर्यंत कशाला, आपल्या विदर्भातच बघा. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांचा तो भाग. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी बोलायचे, छोट्या बैठका घ्यायचे, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढं डॉक्टरकडे न्यायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या 100 माणसांपैकी चार-पाच जणच कोणाकडे तरी मदतीला गेलेले होते. दीड वर्षानं हा आकडा 27 वर गेला. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्प झाला. त्यात तर गावातल्या आपल्यासारख्या गटांमधूनच माणसं निवडली होती, आणि मोबाईलवर छोट्या फिल्मा दाखवून विषय काढायचे.

जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं आणि निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं. तेव्हाही लोक म्हणाले असतील, यांना काय जमणार.

आता आमचं म्हणणं असं, की आपल्या घरात शिकणाऱ्या पोरी आहेत. कोणी गोंदियाला बीएला आहे, कोणी नर्सिंगला, कोणी डीएड करते. त्यांच्याकडे सायकल आहे, मोबाईल आहे, वाचायला-लिहायला येते, आणि गाव माहीत आहे. आशाताईवर आधीच बाळंतपण, लसीकरण, सर्व्हे आणि ऑनलाईन नोंदीचं एवढं ओझं आहे की आणखी एक काम तिच्या डोक्यावर ठेवणं बरोबर नाही. सरकारच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 2014 पासून 'साथिया' म्हणून गावातली मुलं-मुली तयार करायची सोय आहे, आणि त्यांना शिकवायच्या विषयांत मनाचं आरोग्यही आहे. पण ते शाळकरी वयाचे. आपल्याला अठरा वर्षांवरच्या कॉलेजच्या मुली पाहिजेत. सोळा वर्षांच्या पोरीवर दुसऱ्याच्या मरणाच्या विचारांचं ओझं टाकू नये. तिनं पाहिलं आणि मोठ्यांना सांगितलं, एवढं पुरे.

शिकवायचं काय? पहिलं म्हणजे ऐकणं. हे वाटते तेवढं सोपं नाही. आपल्याला सवय असते मधेच म्हणायची, "अगं, माझ्या जावेचं तर याहून वाईट झालं." नाहीतर, "देवाचं नाव घे." दुसरं, विचारायचं कसं. गेले दोन आठवडे मन उदास आहे का, कशात जीव रमत नाही का, झोप-भूक कशी आहे, स्वतःला दोष देते का, जगू नये असं वाटते का. हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळ्यांचीच जीभ अडते. वाटते, आपण विचारलं तर तिच्या मनात नसलेलं येईल. तसं होत नाही. सरळ विचारलं तर माणसाला सुटल्यासारखं होते. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात जाते की नाही ते बघायचं, आणि त्याच दिवशी दवाखाना. तिथं पोरीचं काम संपते आणि डॉक्टरचं सुरू होते.

तिसरी गोष्ट आम्हाला फार आवडली. गोव्याच्याच पुढच्या एका कामात दहावीच्या पुढं शिकलेली साधी माणसं घेतली होती. त्यांना तीन आठवडे वर्गात शिकवलं, मग सहा महिने प्रत्यक्ष काम करत शिकवलं. उदास माणसाला सहा ते आठ वेळा भेटायचं आणि रोजच्या जगण्यातलं काहीतरी छोटं पुन्हा सुरू करून द्यायचं: परसातली भाजी, बहिणीला फोन, गटाची बैठक. मन बरं झालं की उठीन असं म्हणत न बसता, थोडं उठल्यानं मन हलते, असा तो हिशेब. आणि हे समुपदेशक आपल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग एकमेकांना ऐकवून एकमेकांना गुण द्यायचे. आपल्या पोरी हे मजेत करतील. अर्थात समोरच्या बाईची परवानगी घेऊन, नाव झाकून.

नाव झाकण्याचंच मोठं काम आहे. आपल्या गावात दुपारी बोललेलं संध्याकाळी नळावर पोचते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवायचा हक्क दिला आहे, सरकारी दवाखान्यात उपचाराचाही हक्क दिला आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही, तो भयंकर ताणात होता असं धरून सरकारनं त्याची काळजी घ्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. पोलिसांच्या धाकानं घरचे लपवून ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पण कायदा नळावर येऊन उभा राहात नाही. म्हणून पोरगी निवडताना मार्कांपेक्षा तिच्या पोटात गोष्ट राहते का, ते बघा. आणि प्रत्येक टोलीतून एक तरी घ्या. एका टोलीची पोरगी दुसऱ्या टोलीत चुलीपर्यंत जाऊ शकत नाही, हे आपण सगळ्या जाणतो, उगीच नाही म्हणू नका.

तिला फुकट राबवायचं नाही. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन ग्रामसंघाच्या ठरावात लिहिलंच पाहिजे. सेवेच्या नावाखाली बाईचं काम फुकट घ्यायची आपल्याकडे फार जुनी रीत आहे.

आणखी एक. पोरगी कितीही हुशार असली तरी ती हप्ता भरू शकत नाही. आपल्याकडे खासगी फायनान्सचे वसुलीवाले दारात बसून राहतात, चार बायांसमोर बोलतात, आणि त्या रात्री ती बाई झोपत नाही. दारुड्या नवऱ्याच्या माराला, कर्जाला समुपदेशन हे औषध नाही. तिथं गटानं उभं राहायचं: कर्जाची फेरमांडणी, दारूबंदीचा ठराव, गरज पडली तर पोलीस ठाणं. पोरीचं काम हे, की बाई गप्प आहे ते गटाला वेळेत कळावं. कारण काय ते मात्र बाईची परवानगी असेल तरच गटात सांगायचं.

तोवर हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: 14416. टेली-मानस. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. ठराव आणि पोरींची नावं घेऊन आम्ही गोंदियाला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे प्रशिक्षणाची मागणी करणार आहोत. नाव देण्याआधी पोरीला स्वतःला विचारा, नुसतं तिच्या आईला नाही. आणि नावासोबत तिच्या परीक्षेच्या तारखा लिहून आणा. प्रशिक्षणाचे दिवस त्या सोडूनच मागायचे आहेत.