लेकरांच्या हाती देतो ते पुस्तक खरं आहे का?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या बालवाचनालयाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्तानं मुलांसाठी कपाटभर पुस्तकं घ्यायचं कार्यकारिणीनं ठरवलं. पुस्तकांची निवड सुचवायचं काम माझ्याकडे आलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होते, हिशोबाचं पाहता, पुस्तकाचंही पाहून द्या." मला वाटलं, गोष्टीची पुस्तकं घेणं सोपं. गोष्ट गोडीची असली की झालं. गोष्टीत कोल्हा बोलला तर कोणी हरकत घेत नाही. अडचण येते ती माहितीच्या पुस्तकांत, म्हणजे चरित्रं, विज्ञान, प्राणी, इतिहास, देशोदेशीची माहिती. कारण तिथं लेकरू विश्वासानं वाचतं. छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार, असं त्याला वाटतं. आणि खरं सांगू का, आपल्यालाही तसंच वाटतं.

बँकेत आम्हाला एक सवय लागली होती. खात्यात नोंद दिसली की तिचं व्हाउचर कुठं आहे ते विचारायचं. तीच सवय मी पुस्तकांना लावली.

सुरुवात आपल्याच मातीतल्या चरित्रांपासून केली. गाडगेबाबा आपल्या जिल्ह्यातले. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावला जन्म, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ देह ठेवला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी गेले, लेकरू दापुऱ्याला मामाकडे वाढलं, गुरं राखली, शेती केली. सावकारानं मामाची जमीन कशी घशात घातली तेही त्यानं डोळ्यांनी पाहिलं. या माणसानं उभ्या जन्मात देवाला बोकड कापणं, नवस, अंगात येणं, कर्ज काढून लग्नं लावणं, यांवर कीर्तनातून झोड उठवली. आणि जत्रेतल्या दुकानावर मिळणारं पातळ पुस्तक उघडावं, तर त्यात काय? बाबांनी हात लावला अन् रोग बरा झाला! एका पुस्तकात तर डोक्यामागं पिवळं वलय काढलेलं. ज्यानं कोणालाही आपला शिष्य म्हणू दिलं नाही, त्याला आपण चमत्काराचा बुवा करून लेकरांच्या हाती देतो. वर सावकार, दारू, बोकड हे सगळं गाळलेलं असतं, 'मुलांना कशाला' म्हणून. मग उरतं काय? खराटा आणि गाडगं.

प्रबोधनकार ठाकरे यांनी गाडगेबाबांचं चरित्र १९५२ साली लिहिलं. बाबा तेव्हा हयात होते. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस समोर कीर्तनाला उभा आहे आणि लिहिणारा ते पाहतो आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर तिथं व्हाउचर जोडलेलं आहे. पुढच्या कित्येक छोट्या पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवून काढलं. एकानं चूक केली की ती दहा ठिकाणी जाते.

राष्ट्रसंतांचंही तेच. आपण तर गुरुकुंजात राहतो. ३० एप्रिल १९०९ चा यावलीचा जन्म, १९३५ चा हा आश्रम, ११ ऑक्टोबर १९६८ चं निर्वाण, हे इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. खंजिरी आणि भजन माहीत आहे. पण बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, त्यानंतर महाराजांना अटक झाली, नागपूर-रायपूरच्या तुरुंगात राहावं लागलं, हे किती मुलांना ठाऊक आहे? मी आपल्या कॉलनीत विचारून पाहिलं. फार थोड्यांना. भजन म्हणणाऱ्या माणसाला इंग्रज सरकार का भ्यालं, हा प्रश्न लेकराच्या मनात आला तर तेच खरं चरित्र. मी श्रद्धेच्या विरुद्ध बोलत नाही, गैरसमज नको. सायंप्रार्थनेला मी रोज असतो. आख्यायिका सांगायची तर जरूर सांगावी, पण वर 'असं सांगतात' एवढे दोन शब्द लिहावेत. तेवढ्यानं काही कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. काही पालक म्हणतात, पुस्तकात एकदा एक लिहिलं अन् नंतर बदललं तर मुलांचा विश्वास उडेल. मला उलट वाटतं. शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. आमच्या पिढीनं १६२७ हे साल वाचलं. पुढे जेधे शकावली नावाचा जुना कागद लोकमान्य टिळकांनी उजेडात आणला, त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. शिवभारताचाही तिला आधार मिळाला. इतिहासकार वर्षानुवर्षं भांडले, आणि २००१ साली राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. ही हकीकत मुलांच्या पुस्तकात का नसावी? नुसती तारीख पाठ करण्यापेक्षा ती कशी सापडली हे वाचायला पोट्टे जास्त आवडीनं बसतील. चोर पकडण्याच्या गोष्टीसारखंच आहे ते.

विज्ञानाचं तर वयच कमी असतं. एका घरी जाड ज्ञानकोश पाहिला, चकचकीत, किंमत भारी. त्यात ग्रह नऊ. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं २००६ साली! पुस्तक दारावर विकणाऱ्यानं खपवलं, घेणाऱ्यानं आवृत्तीचं साल पाहिलं नाही. तरी ही चूक कोणाचा जीव घेत नाही. सापांच्या पुस्तकांतली घेते.

इथं मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण आपण शेतशिवाराच्या काठावर राहतो. पावसाळ्यात आपल्या कंपाउंडमध्ये साप निघतो. मुलांच्या पुस्तकांत अजून काय सापडतं? साप दूध पितो, साप डूख धरतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, साप चावला तर जागा चिरून रक्त काढा, वर करकचून दोरी बांधा. हे साफ चूक आहे. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, फुरसे आणि आपल्याकडे जिला परड म्हणतात ती घोणस, या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. ज्या पुस्तकात हे नीट दिलं नाही, ते कितीही रंगीत असो, कपाटात येणार नाही. यावर मी कोणाचं ऐकणार नाही.

आता पूर्वग्रहाबद्दल. हा चुकीपेक्षा अवघड, कारण तो दिसत नाही. मेळघाटावरचं पुस्तक घ्या. त्यात वाघ चार पानं आणि कोरकू माणूस एका चित्रात, तोही नाचताना. खाली लिहिलेलं, 'हे भोळे लोक जंगलात राहतात.' बस. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे, हे एक वाक्य लिहायला काय हरकत होती? पारध्यांबद्दल तर त्याहून वाईट. १८७१ साली इंग्रजांनी जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, आपण तो १९५२ साली रद्द केला, पण काही पुस्तकांतला चोर अजून त्याच जमातीचा असतो. आपल्या जिल्ह्यातली फासेपारध्यांची लेकरं आता शाळेत जातात. तेच पुस्तक त्यांच्या हाती पडलं तर?

चित्रंही पाहावी लागतात. आई चुलीपाशी, बाबा पेपर वाचताना, हे मी जन्मभर पाहिलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतात असं चित्र आलं. आमच्या घरी हिनं ते दाखवून मला विचारलं, "पाहिलं काहो?" पाहिलं म्हटलं, आणि गपचूप मेथीची जुडी पुढं ओढली.

भाषांतरित पुस्तकंही पारखून घ्यावीत. कागद, छपाई उत्तम, पण त्यात रॉबिन पक्षी आणि बर्फातलं घर. आपल्या दारातल्या दयाळाचं नाव नाही, कापसाच्या बोंडाचं चित्र नाही. थोडी असावीत, सगळी नकोत. बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून निघतो आहे, त्याचे अंक आणि नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं मी यादीत घातली आहेत.

पहिली यादी सूचनाफलकावर लावतो आहे, आठ दिवसांत हरकती सांगा. वाचनालयाच्या टेबलावर एक वही राहील, दोऱ्यानं बांधलेल्या पेनासकट (बँकेची सवय, दुसरं काय). पुस्तकात चूक सापडली की मुलांनी पान नंबर टाकून त्यात लिहायचं. दर महिन्याला आम्ही दोघंतिघं बसून पडताळू आणि खरीच चूक निघाली तर प्रकाशकाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र जाईल, खाली त्या मुलाच्या सहीनं. घरातली जुनी पुस्तकं देणाऱ्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात आणून द्यावीत, मात्र आवृत्तीचं साल पाहून.

जय गुरु!