गोमतीकाठी अमेरिकन सिंगल माल्ट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा भीतभीतच सांगितला. मंडळाच्या व्यासपीठावर मद्याचा विषय म्हणजे सत्यनारायणाच्या चौरंगावर पत्त्यांचा डाव, असे एका ज्येष्ठ सभासदांनी बोलूनही दाखविले. त्यांची शंका रास्त आहे. आमच्या पाचजणांच्या बैठकीतले एक स्नेही आजतागायत थेंबही न घेता बसत आले आहेत. त्यांच्या वडिलांनी दारूपायी शेत घालविले, मग राहते घर घालविले. आमचे हे स्नेही केवळ वास घेतात आणि वही लिहितात. किती ओतायचे तेही तेच ठरवितात : महिन्यातून एक बैठक, चार नमुने, प्रत्येकी पंधरा मिलिलिटर. कोणी पुन्हा पेला पुढे केला की वही मिटते आणि बैठक संपते. तेव्हा आज आम्ही येथे मद्यपानाचा पुरस्कार करण्यास उभे नाही. नाकाला आणि जिभेला शिकविण्याचा एक उद्योग आम्ही काही वर्षे केला, त्याची हकिकत सांगणार आहोत.

आमची मुले अमेरिकेत. स्वदेशी येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, त्या मुभेतून आमचा संग्रह जमला. आरंभी आम्हांला वाटे, अमेरिकेची व्हिस्की म्हणजे बर्बन : निम्म्याहून अधिक, किमान ५१ टक्के मका, आणि आतून जाळलेले ओकचे कोरे पिंप. मग कोणीतरी सिॲटलच्या ‘वेस्टलँड’ची बाटली आणली आणि आमचे अज्ञान उघडे पडले. हे निखळ जवाचे माल्ट होते. त्यातील काही जव कॉफीच्या बियांसारखा भाजलेला. ही मंडळी तिकडच्याच ‘गॅरियाना’ जातीच्या ओकची पिंपेही वापरतात. स्कॉटलंडची नक्कल करण्यापेक्षा आपल्या मातीत काय आहे ते पाहावे, असा त्यांचा बाणा आहे.

पहिली बैठक मात्र साफ फसली. लखनौच्या रीतीला जागून आम्ही सोबत गलावटी कबाब मागविले. लवंग, वेलची आणि केवडा यांच्यापुढे चारही पेले एकसारखे मुके! पुढे चौकातल्या एका वृद्ध अत्तारवाल्याने आम्हांला वाट दाखविली. एका बैठकीत तीन-चारांहून अधिक वास घेऊ नयेत, वास ओढून घेऊ नये, येऊ द्यावा, आणि मधून आपल्याच बाहीचा वास घेऊन नाक पूर्ववत करावे, असे तो म्हणाला. त्याला मद्य वर्ज्य होते; पण ऊर्ध्वपातन त्याच्या रक्तात होते. कन्नौजची तांब्याची देग, बांबूचा चोंगा आणि अत्तर साठविणारा भपका यांची रचना त्याने समजावून दिली, तेव्हा माल्ट गाळणाऱ्या तांब्याच्या भट्टीचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहिले. तिकडे बाष्प पाण्याने थंड केलेल्या नळीत निवते, इकडे पाण्यात ठेवलेल्या भपक्यात. त्या दिवसापासून कबाब बैठकीनंतर.

आता थोडे शास्त्र. अमेरिकन सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ‘अमेरिकन सिंगल माल्ट’ हा स्वतंत्र वर्ग मान्य केला, आणि १९ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. धान्य केवळ मोड आणलेले जव. ऊर्ध्वपातन एकाच कारखान्यात, तेही अमेरिकेत. मुरवण ओकच्या पिंपात, आणि पिंप ७०० लिटरांहून मोठे नको. स्कॉचला किमान तीन वर्षे मुरावे लागते, तशी वर्षांची अट येथे नाही. पिंप कोरे की जुने, हेही मोकळे. पण हे कायदेशीर नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून, डेन्व्हरला ‘स्ट्रॅनाहान्स’ २००४ पासून, टेक्ससला ‘बाल्कोनिस’ २००८ पासून, ही मंडळी कामाला लागलेली होती. ज्या शहरात भातखंडे यांनी १९२६ साली मॅरिस कॉलेज उभे केले, तेथे राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना यात नवल वाटू नये. राग आधी गायिले गेले, थाटांत त्यांची मांडणी नंतर झाली. (आणि थाटांत नीट न बसणारे राग उरलेच, हेही अण्णासाहेबांच्या टीकाकारांनी सांगून ठेवले आहे.)

टेक्ससच्या माल्टची आम्हांला विशेष आपुलकी वाटली, ती उन्हामुळे. उष्ण प्रदेशात मद्य लाकडात वेगाने शिरते, रंग लवकर येतो, आणि पिंपातून उडूनही पुष्कळ जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के उडते. आपल्या बंगळूरच्या ‘अमृत’मध्ये दहा-बारा टक्के. ‘अमृत’ने आपले सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकावयास ठेवले, ही हिंमत आम्हांला मोठी वाटते. आमच्या उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे माल्ट २०१६ साली बाजारात आले. एका बैठकीत आम्ही चिठ्ठ्या झाकून रामपूर आणि टेक्सस शेजारी ठेवले. पाचांपैकी तिघांनी रामपूरला अमेरिकन ठरविले. त्या तिघांत आम्हीही होतो.

एप्रिल २०२१ लखनौत कसा गेला, हे या सभागृहात कोणाला सांगावयास नको. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी लागलेल्या रांगेत आमच्यापैकी बहुतेक उभे होतो. आमच्या पाचांतले एक त्या महिन्यात गेले. दुसरे, मूळचे सोलापूरकडचे, वाचले. पण त्यांचा वास गेला. फोडणी कळेना, उदबत्ती कळेना. आमच्या बैठका बंद पडल्या. पुढच्या हिवाळ्यात वही लिहिणाऱ्या स्नेह्यांनीच आग्रहाने सर्वांना बोलाविले, आणि सोलापूरकरांपुढे रोज चार वास ठेवावयास सुरुवात केली : लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. गेलेला वास परतावा म्हणून असा सराव डॉक्टरही सांगतात. महिने गेले. सोलापूरकर रोज मान हलवीत आणि चिडत. एकदा त्यांनी निलगिरीची बाटली अंगणात भिरकावली.

त्या सुमारास ॲरिझोनातल्या टूसाँ शहरातली ‘डेल बॅक’ची बाटली आली होती. तिची कथा गमतीची आहे. तो गृहस्थ मेस्किटच्या लाकडाचे फर्निचर करीत असे. उरलेल्या ढलप्यांवर घरी मांस भाजले जाई. त्यावरून स्कॉटलंडमध्ये पीटच्या धुरावर जव सुकवितात तसा मेस्किटच्या धुरावर का सुकवू नये, असा विचार पुढे आला. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी भावकी. सोलापूर जिल्ह्यात ती बांधाबांधाला माजलेली आहे, हे आम्हांला ठाऊक होते. पण त्या संध्याकाळी ते कोणाच्या ध्यानात नव्हते.

सोलापूरकरांनी पेला सवयीने नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला. मग म्हणाले, “बंब.”

आम्हांला कळेना. “अहो, आंघोळीचा बंब,” ते म्हणाले. “आई पहाटे वेडी बाभूळ घालून पेटवायची. तो धूर.” त्यांनी त्या दिवशी घोटही घेतला नाही, पेला तेवढा हातात धरून बसले. चव अजून पुरती आली नव्हती, आणि लवंग त्यानंतरही दोन महिने कळली नाही.

वही आमच्याजवळ आहे. त्या दिवसाच्या पानावर इतरांच्या नावांपुढे मध, जर्दाळू, भाजका जव असे शेरे आहेत. सोलापूरकरांच्या नावापुढे एकच शब्द, आणि त्याच्या खाली, गेलेल्या स्नेह्यांच्या नावाची ओळ नेहमीप्रमाणे आखून मोकळी ठेवलेली.